खांदमळणीची वाटाघाट

दिनांक २१ ऑगस्ट २०२५, गुरुवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. पेडगावच्या शिवारात, गिरामांच्या सामाईक विहिरीजवळच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यासमोरच्या अंगणात, त्या वेळी माणसे सात होती, बैल पाच होते, प्लास्टिकच्या खुर्च्या चार होत्या आणि एक्केचाळीस दिवस एकमेकांशी न बोललेले सख्खे भाऊ दोन होते.

पाच हा आकडा तोवर कोणाला खटकला नव्हता. पोळ्याच्या आदल्या दिवशी माणसे जोड्या मोजतात. बैल कोणी मोजत नाही.

भांडणाचे कारण सरळ होते. पेडगावात मारुतीच्या पारासमोरच्या तोरणाखालून पोळ्याची पहिली जोडी गिरामांची जाते. २००४ साली वडिलांनी वाटण्या केल्या तेव्हा जमीन, विहीर आणि अकरा आंबे यांच्याबरोबर हा मानही वाटून दिला. सम सालात थोरली पाती, म्हणजे थोरल्याचे घर, विषम सालात धाकटी. सोळा वर्षे ही व्यवस्था घड्याळासारखी चालली. नंतर दोन साल कोरोनाने आणि तिसरे साल जनावरांच्या लंपीने पोळा भरू दिला नाही. त्यात थोरल्या पातीच्या दोन बाऱ्या बुडाल्या आणि धाकटीची एक. यंदाचे साल विषम, म्हणजे धाकट्या गोविंदरावांचे. थोरल्या दत्तरावांचे म्हणणे असे की बुडालेल्या बाऱ्यांचा हिशेब लावला तर त्यांची एक बारी अजून बाकी आहे आणि ती याच वर्षी मिळाली पाहिजे.

सरपंच सिद्धोधन याने दोन्ही घरांना सकाळीच निरोप दिला होता: सात वाजता पारावर यादी वाचली जाईल. तोवर गिरामांकडून एकच नाव आले नाही, तर पहिल्या जोडीसाठी गावात चिठ्ठ्या टाकल्या जातील. चिठ्ठीसाठी चार घरे आतापासूनच तयार बसली होती.

हातात दोन तास पन्नास मिनिटे होती, आणि मध्यस्थ म्हणून, वाटणीत पाती न घेतलेल्या मधल्या भावाला, योगीराजला, पुण्याहून बोलावून घेतले होते.

"एक तास पुष्कळ झाला," योगीराज मनगटावरचे घड्याळ बघत म्हणाला. "कंपनीत मी तीन संप मिटवलेत."

त्याच्या बोलण्यात बढाई नव्हती. परभणीच्या कृषी विद्यापीठातून अभियंता होऊन तो १९८६ साली पुण्याच्या एका पंप कंपनीत विक्रीला लागला. मोटारसायकलवर नमुन्याचा पंप बांधून त्याने चार जिल्हे पालथे घातले, आणि नोकरीच्या चोविसाव्या वर्षी तो त्याच कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक झाला. पूर्व आफ्रिकेतल्या एका देशात त्याने अकरा हजार सौर पंप बसवले. निवृत्तीनंतर तो बागेत टोमॅटो लावण्याच्या बेतात असताना दिल्लीहून विचारणा झाली, की त्याच देशात भारताचा राजदूत म्हणून जाल का. परराष्ट्र सेवेची परीक्षा न दिलेला माणूस एकसष्टाव्या वर्षी राजदूत झाला. दिल्लीत तीन आठवड्यांचे प्रशिक्षण झाले होते. बारा दिवसांनी विमान होते.

"दादा, तुम्ही पाच मिनिटं बोलायचं. मग गोविंदा पाच मिनिटं. मधे कोणी बोलायचं नाही," योगीराजने कोळशाने गोठ्याच्या भिंतीवर दोन रकाने आखले.

दत्तराव, वय अडुसष्ट, पटक्याचा शेमला सावरत म्हणाले, "माझं एकच म्हणणं हाय. जी बारी मी भोगलीच न्हाई, ती माझी संपली कशी? जेवणाचं ताट समोर आलं अन् उचलून नेलं, तर त्याला जेवला म्हणत्यात का?"

गोविंदराव सत्तावन्न वर्षांचे. त्यांनी भावाकडे न बघता आपल्या मुलीला सांगितले, "ईश्वरे, तुझ्या मोठ्या काकाला सांग. ताट मी नेलं न्हाई. काळानं नेलं. काळाला मागा म्हणावं."

"अप्पा, काका तीन फुटांवर बसलेत," ईश्वरी म्हणाली. ती कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करत होती आणि एक्केचाळीस दिवस दोन घरांमधला निरोप्या होऊन कंटाळली होती.

"तीन फूट असूं दे. सांग."

"अन् तुझ्या बापाला सांग," दत्तराव म्हणाले, "की २०२१ ला त्याचीबी एक बुडाली. तो कामून मागत न्हाई? लाज हाय म्हणून न्हाई. मागितली तर माझ्या दोन निघत्यात म्हणून."

योगीराजने भिंतीवर लिहून घेतले. मग त्याने नाणेफेक सुचवली. दत्तराव म्हणाले, मान हा जुगार न्हाई. दोघांचा एकेक बैल घेऊन मिश्र जोडी करू, असेही तो म्हणाला. तर उजवीकडे कोणाचा, यावर अकरा मिनिटे गेली. यंदा एकाला आणि पुढची दोन वर्षे दुसऱ्याला असा तोडगा काढला, तेव्हा दत्तराव एकदम उठून विहिरीकडे चालू लागले.

तोडग्यात काय खुपले हे फक्त दत्तरावांना आणि त्यांच्या पत्नीला, मालनबाईंना, ठाऊक होते. मुलाने परभणीच्या शोरूममध्ये ट्रॅक्टर ठरवला होता. दिवाळीनंतर बादशा आणि सुलतान ही जोडी दावणीला राहणार नव्हती. पुढच्या पोळ्याला मान मिळाला असता तरी त्या मानाखाली उभे करायला दत्तरावांकडे बैल नसते. ही गोष्ट त्यांनी धाकट्या भावाला सांगितली असती, तर वाद तिथेच मिटला असता. नेमके त्यामुळेच ते सांगत नव्हते. दयेवर मिळालेला मान त्यांना नको होता.

पाच वाजून पाच मिनिटांनी मालनबाई चहा घेऊन आल्या. कप देताना त्या हळूच म्हणाल्या, "भावजी, जरा कडब्याच्या गंजीमागं या. तिकडं न्यायचं सामान दाखवायचंय."

गंजीमागे सामान खरोखर होते. तिळाच्या चटणीचा डबा आणि वाळवलेल्या धपाट्यांचे पुडके. ते योगीराजच्या हातात ठेवून मालनबाई म्हणाल्या, "मान गोविंद भावजीला द्या."

योगीराजने डबा खाली ठेवला. "वहिनी, तुम्ही थोरल्या पातीच्या."

"म्हणूनच सांगायले. मानाच्या घरी वाजंत्री जेवतेत, तोरण बांधणारे जेवतेत, पाहुणे जेवतेत. मागल्या साली साठ पानं उठली. आठ किलो डाळीचं पुरण वाटलं म्या. मिक्सर जळालं. माझ्या गुडघ्याचं तर इचारूच नका. यांना काय, कासरा धरला की झालं. पण मी सांगितलं म्हणून सांगू नका."

"नाही सांगत."

गंजीला वळसा घालून तो परत येत होता तोच सुमंगला, गोविंदरावांची पत्नी, लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन दुसऱ्या बाजूने आली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि तिचे बोलणे तासाला बांधलेले असे.

"नाना, एकच मिनिट. मान मोठ्या दादांना द्या."

"तू धाकट्या पातीची."

"उद्या शुक्रवार हाय. आज अर्धी रजा टाकून आले, उद्या शाळा पाचला सुटती. साडेपाचला तोरण, अन् सातला साठ माणसं पंगतीला. मी काय फळ्यावर पुरण वाटू का? जाऊबाईंना सवय हाय. मागच्या साली त्यांनी केलंच की. मिक्सरबी नवं घेतलंय त्यांनी."

"हे गोविंदाला माहीत आहे?"

"त्यांना माहीत झालं तर मी तुमच्याकडं कशाला आले असते?"

योगीराज बरणी आणि डबा घेऊन निंबाखाली उभा राहिला. अडतीस वर्षांत त्याने कामगार संघटना पाहिल्या, मंत्री पाहिले, एकदा तर पंपाच्या बदल्यात कॉफीची पोती घ्या म्हणणारे सरकार पाहिले. परंतु ज्या वाटाघाटीत दोन्ही पक्ष जिंकण्यासाठी हट्टाला पेटलेले आहेत आणि दोन्ही पक्षांची स्वयंपाकघरे हरण्यासाठी लोणचे पाठवत आहेत, अशी वाटाघाट त्याच्या अनुभवात नव्हती.

दिल्लीच्या प्रशिक्षणात एका निवृत्त राजदूत बाईंनी सांगितलेले त्याला आठवले: निकाल देऊ नका, नियम द्या. निकाल कानावर पडला की माणूस भांडायला उठतो. नियम ऐकला की आधी तो आपल्या सोयीचा आहे का हे बघत बसतो.

तो परत खुर्चीवर येऊन बसला. भिंतीवरचे दोन्ही रकाने त्याने गोणपाटाने पुसून टाकले.

"दादा, मी जिथं चाललोय तिथं त्रेचाळीस देशांचे राजदूत आधीच आहेत. मी चव्वेचाळिसावा. सरकारी कार्यक्रमात सगळ्या रांगेच्या शेवटी उभा राहणार."

विहिरीवरून परतलेले दत्तराव थबकले. "एवढा मोठा देश आपला, अन् गिरामाचा माणूस शेवटी?"

"देश केवढा ते तिथं बघत नाहीत. कोणी कधी आपला कागद त्यांच्या राष्ट्राध्यक्षाच्या हातात दिला, ते बघतात. ज्याचा कागद जुना तो पुढं."

"मंग पहिला कोण हाय?" हा प्रश्न गोविंदरावांचा. योगीराजला त्यांनी प्रथमच थेट विचारले.

"एका बेटाचा माणूस. त्यांची लोकसंख्या आपल्या परभणीच्या निम्मी असेल. पण नऊ वर्षं झाली त्याला तिथं. मोठमोठे देश त्याच्या मागं उभे राहतात आणि कोणाचा अपमान होत नाही. कारण कोणी कोणाला मागं ढकललेलं नसतं. तारखेनं उभं केलेलं असतं."

दोन्ही भाऊ विचारात पडले. आपापल्या सोयीचा विचार करत होते हे त्यांच्या डोळ्यांवरून कळत होते.

"बैलालाबी तेच लावा म्हणतोस?" दत्तराव म्हणाले.

"ज्याची चाकरी जुनी, तो पुढं. साल सम का विषम, बुडाली का उरली, काही नाही. पण आधी नियम मान्य करायचा, मग तारखा काढायच्या. उलटं नाही."

दत्तरावांनी मनात बादशाची पावती काढली. माळेगावच्या जत्रेत घेतलेला, डिसेंबर २०१७. धाकट्याच्या जोडीतला डाव्या अंगाचा नवा खोंड तर त्यांनी स्वतः दोन वर्षांपूर्वी पारखून दिला होता; उजव्या अंगाचा बैल त्या भरात ध्यानातच आला नाही. ते म्हणाले, "मला मान्य हाय."

गोविंदरावांना नवा खोंड आठवला नाही; त्याचा उजव्या अंगाचा जोडीदार आठवला. वजीर. घरच्या गाईचा, अक्षयतृतीयेला जू मानेवर घेतलेला, साल २०१६. ते म्हणाले, "मलाबी मान्य हाय. ईश्वरे, लिही."

योगीराजने सांगितले आणि ईश्वरीने लिहून मोठ्याने वाचले: "गिरामांच्या आखाड्यावर बांधलेल्या बैलांपैकी ज्याची चाकरी सर्वांत जुनी, तो ज्या दावणीचा असेल त्या दावणीला यंदाचा मान."

दोघांनी हळदीच्या परातीला हात लावून शब्द दिला. ही परात त्यांची थोरली बहीण सगुणाबाई कालवत बसली होती. वय बहात्तर. खांदमळणीसाठी, म्हणजे पोळ्याआधी बैलांचे खांदे चोळण्यासाठी, हळद आणि तूप तीच कालवत आली होती, पंचेचाळीस वर्षे. लग्नानंतर चौथ्या वर्षी ती माहेरी परतली. वडिलांनी विहिरीच्या खालच्या अंगाला दीड एकर दिले आणि त्यावर ती आपले आपण राहिली. एक्केचाळीस दिवसांत तिने कोणाची बाजू घेतली नव्हती. कोणी तिला विचारलेही नव्हते.

"बादशा, डिसेंबर २०१७. सुलतान, त्याच्यासोबतच," ईश्वरी लिहीत गेली.

"वजीर, अक्षयतृतीया २०१६," गोविंदराव म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवला.

दत्तरावांचा चेहरा उतरला. त्यांनी परातीकडे पाहिले. हात लावून झाला होता. हळद बोटांना होती.

"नवा खोंड, २०२३," ईश्वरीने पुढे लिहिले. "हे झाले चार. आणि पाचवा? आत्या, मॅनेजरची तारीख सांगा."

मालनबाईंनी पदर तोंडाला लावला. सुमंगला आभाळाकडे बघू लागली.

"कोण मॅनेजर?" योगीराजने विचारले.

निंबापलीकडे, इतरांपासून वेगळा, एक लाल कंधारी बैल एकटाच बांधला होता. म्हातारा, मानेची कातडी ढिली, डोळे शांत. तो रवंथ करत योगीराजकडेच बघत होता.

"त्याला तर तुम्ही लाल्या म्हणता," योगीराज म्हणाला.

"तुमी आल्यावर म्हणतो," मालनबाई कशाबशा बोलल्या.

"आणि एरवी?"

गोविंदरावांनी घसा खाकरला. "नाना, आता कसं सांगावं तुला. रोज कोणीतरी वराडायचं, म्यानेजर आडवा झाला, म्यानेजरला चारा कमी टाका, लय माजलाय. तू इथं बसलेला असताना बरं दिसलं असतं का?"

सगुणाबाईने परातीतून हात काढला. "तुझा फोन आल्ता. आक्का, मी म्यानेजिंग काय तरी झालो म्हणालास. घाईत व्हतास. म्या म्हणलं, योगी, इकडं गाय व्यायलीय. तवर तू फोन ठेवला. गोऱ्हा झाला. म्हणलं, एका दिवशी घरात दोन म्यानेजर झाले. एकाचं कागदावर लिव्हलं आसंल, दुसऱ्याचं आपण ठेवू."

पंधरा वर्षांत आपण पोळ्याला किती वेळा आलो हे योगीराज मनात मोजू लागला आणि संख्या दोनवर थांबली.

"पण आत्या, तारीख पाहिजे," ईश्वरी म्हणाली. "पावती तर नाही."

"कागद आहे," योगीराज सावकाश म्हणाला. त्याने खांद्याच्या पिशवीतून परराष्ट्र मंत्रालयात दिलेल्या आपल्या परिचयपत्राची प्रत काढली. तिसऱ्या ओळीत छापले होते: व्यवस्थापकीय संचालक, दिनांक १४ जून २०१०. "हा त्याचा जन्मदाखला. जू कधी घेतलं, आक्का?"

"चौथ्या सालच्या आखितीला."

"अक्षयतृतीया २०१४," ईश्वरीने लिहिले. "अकरा वर्षं. सगळ्यात जुना."

आता गोविंदरावांचा हात मिशीवरून खाली आला. दत्तरावांना धाकट्याचा पराभव बघून जरा बरे वाटले, पण ते क्षणभरच. मग त्यांच्यातला थोरला जागा झाला.

"आक्का, राग धरू नको. पण मान पातीला असतो. लेकीची पाती नसती."

"हां. हे मातर दादाचं बरोबर हाय," गोविंदराव म्हणाले. एक्केचाळीस दिवसांत त्यांनी भावाच्या बाजूने उच्चारलेले ते पहिले वाक्य.

ईश्वरीने कागद पुन्हा वाचला. "नियमात पाती हा शब्दच नाहीये. दावण आहे. आत्याची दावण ती समोर आहे."

दोघांनी योगीराजकडे पाहिले. हा शब्द त्याच्याकडून अनवधानाने राहिला की त्याने राहू दिला, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळण्यासारखे नव्हते. दिल्लीत तीन आठवडे बहुधा हेच शिकवत असावेत.

"म्या मागितलंच न्हाई तर राग कशाचा?" सगुणाबाई म्हणाली. "त्याला उद्या आणायचाच नव्हता. शेजारच्या सीतारामचा अन् माझा एकेक बैल मिळून सावड व्हती. दिवाळीला त्यानं इकला. आता ह्याला जोडीदार न्हाई. एकट्या बैलाला तोरणाखाली कोण घेतंय? इतकी सालं रांगेच्या शेवटी तरी जायचा. यंदा घरीच ओवाळीन म्हणलं."

योगीराज उठून बैलाजवळ गेला. बाकीच्या चारही बैलांची शिंगे उद्या रंगवायची म्हणून अजून करडीच होती. मॅनेजरची शिंगे मात्र घासूनपुसून, लाल हिंगूळ लावून, टोकांना पितळी शेंब्या बसवून तयार होती. ज्याला न्यायचेच नव्हते, त्याला तिने एक दिवस आधीच सजवून ठेवले होते.

दत्तरावही मागून आले होते. त्यांनीही शिंगे पाहिली. बैल पारखणाऱ्या माणसाला शिंगांवरून पुष्कळ कळते.

"जोडीदार न्हाई काय म्हणतीस, आक्का," ते शेवटी म्हणाले. "माझा बादशा जाईल त्याच्यासंगं. थोरला हाय मी."

"काहून?" गोविंदराव तिथूनच बोलले. "वजीर अन् म्यानेजर एका गाईचे. भाऊ हायत ते. भावाला सोडून परका कशाला?"

"बादशा परका?"

"माळेगावचा हाय."

"आठ साल झाले त्याला इथं येऊन."

"म्हणून काय घरचा झाला?"

सहा वाजून वीस मिनिटांनी सिद्धोधन मोटारसायकलवरून वही घेऊन आला तेव्हा वाद ऐन रंगात होता, फक्त त्याचा विषय बदललेला होता. दोघे भाऊ आता निरोप्या न ठेवता एकमेकांशी थेट भांडत होते.

सरपंचाने कागद वाचला. "नियम चांगला हाय, साहेब. मला कोणाच्या पातीशी काम न्हाई. सगुणाबाई, एवढं नाव लिहितो. पण वहीत रकाना जोडीचा हाय. दुसरा बैल कोणाचा?"

"माझा," दोन भाऊ एकाच वेळी म्हणाले.

"सात वाजत आलेत," सरपंच म्हणाला.

ईश्वरी म्हणाली, "तोरणाच्या बांबूंमधलं अंतर मला माहितीय. सकाळी मीच टेप धरला होता. ट्रॉली जावी म्हणून अकरा फूट. जोडीला साडेसहा लागतात. तीन बैल धरले तर साडेनऊ."

दत्तरावांनी ओठांतल्या ओठांत गणित केले. गोविंदरावांनीही केले. उत्तर दोघांना एकच आले असावे, कारण दोघेही शब्द द्यायला एकदम परातीकडे वळले.

"उजवीकडं..." दत्तरावांनी सुरुवात केली.

"मधे मॅनेजर," योगीराज म्हणाला. "मग दोन्ही बाजू सारख्याच."

मालनबाई आणि सुमंगला यांना आतापर्यंत सुटल्यासारखे वाटत होते. मान ना इकडे, ना तिकडे. तेवढ्यात सिद्धोधनने वही मिटत सहज विचारले, "मंग पंगत आक्काच्या घरी ना? वाजंत्र्याला तसंच सांगू? साठ पानं हायत."

सगुणाबाईच्या घरी शेगडी एक होती आणि पातेली दोन.

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिले. मग दोघींनी योगीराजकडे पाहिले. त्याने खुर्चीपाशी ठेवलेली लोणच्याची बरणी तिळाच्या डब्यामागे सरकवली.

"जाऊबाई, तुमचं नवं मिक्सर," सुमंगला म्हणाली.

"तुझी सुटी टाक," मालनबाई म्हणाल्या.

खांदमळणी झाली ती मग. पळसाच्या पानाने हळद-तूप बैलांच्या खांद्यांना चोळत प्रत्येकाने आपापल्या जनावराच्या कानात आवतण दिले: आज आवतण घ्या, उद्या जेवाया या. मॅनेजरचा खांदा सगुणाबाईने योगीराजकडे दिला. जुवाने घासून तिथली कातडी खडबडीत, काळी झाली होती. त्याने हळू चोळली.

"योगी," ती त्याच्या शेजारी उभी राहून म्हणाली, "तिकडं शेवटी हुबं राहायला लाजू नको. ह्यानं अकरा सालं काढली."

"नाही लाजत."

"अन् फोन केलास तर आधी इकडचं ऐकून घे. मग ठेव."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पाच वाजून बावन्न मिनिटांनी मारुतीच्या पारासमोर ढोल सुरू झाला. मागे जोड्यांची रांग शाळेपर्यंत गेली होती. सर्वांत पुढे मधोमध मॅनेजर, त्याच्या एका बाजूला बादशा, दुसऱ्या बाजूला वजीर. मॅनेजरचा कासरा योगीराजच्या हातात होता. आयुष्यभर तो वेगाने चालला होता. आता सत्तर पावलांना पाच मिनिटे लागत होती, कारण म्हातारा बैल प्रत्येक पाऊल आधी तपासून मग टाकत होता, आणि बाजूच्या दोन्ही जवान बैलांना त्याच्या पावलाने चालवण्यासाठी दोन भावांना एकमेकांकडे सारखे बघावे लागत होते.

"हळू धर, गोविंदा. वजीर फुडं जायलाय."

"तुमचाच ओढतोय, दादा. वजीर बरोबर हाय."

दहा पावले गेल्यावर दत्तराव ढोलाच्या आवाजात म्हणाले, "दिवाळीनंतर ही जोडी जाणार. पोरानं ट्रॅक्टर ठरवलाय."

गोविंदरावांनी कासरा थोडा आखडला. "हे आधी सांगितलं असतं तर?"

"तर तू मान सोडला असतास."

"हाव."

"म्हणून न्हाई सांगितलं."

तोरणाजवळ मंगलाष्टका सुरू झाल्या. पारावर बायांच्या घोळक्यात सगुणाबाई उभी होती. मालनबाई आणि सुमंगला तिथे नव्हत्या. त्या सगुणाबाईच्या अंगणात तीन शेगड्या मांडून पुरण वाटत होत्या. मॅनेजरने आंब्याच्या पानांना शिंग लावले आणि जरा थांबला, जणू काही इथे नेहमी आपण मागे असतो हे त्याला आठवले. योगीराजने त्याला ओढले नाही. बाजूचे दोघेही थांबले. मग तो आपल्या मनाने निघाला आणि तोरण तुटले.

सिद्धोधन पारावर वही मांडीवर घेऊन बसला होता. छापील रकाना एकच होता: मानाची जोडी, संख्या. आजवर त्यात एक याशिवाय दुसरे काही लिहिले गेले नव्हते. त्याने पेन दोनदा झटकले, तोरणापलीकडे उभ्या असलेल्या तीन बैलांकडे आणि तीन भावांकडे पाहिले, आणि आकडा लिहिला.

दीड.